आठवी पायरी ओली होती

रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५. सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. आमच्या गावच्या समाजमंदिरात चित्रपटाचा शेवट चालू होता. खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. पडद्यावर धुके होते आणि बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. अशा वेळी तिसऱ्या रांगेतून नाखवा उठला आणि काठी उगारून ओरडला, “थांबवा! पायऱ्या मोजायच्या हायत!”

यंत्रापाशी बसलेल्या सुनीलने दचकून चित्र थांबवले. नाखवा पडद्यापाशी गेला. आपली सावली पडू नये म्हणून गुडघे टेकून बसला आणि काठीच्या टोकाने धक्क्याच्या पायऱ्या वरून खाली मोजू लागला. आठव्या पायरीवर काठी थांबली. त्या पायरीवर चपलांचा एक जोड होता आणि तिच्याखाली पाणी होते.

“आठ,” तो सभेकडे वळून म्हणाला. “आठवी वली हाय.”

सभेला यातून काही बोध झाला नाही. मला झाला. म्हणून हे लिहीत आहे.

विठोबा नाखवा हा माझा एकतीस वर्षांचा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा आहे. तो मीच मोजून घातला असल्याने त्याबाबत वाद नाही. नाखवा मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर सारंग होता, म्हणजे लाँच चालवत असे. मी मोजणी खात्यात होतो. मी जमीन मोजली, त्याने पाणी मोजले. जमीन जागेवर राहते, एवढी सवलत मला होती.

पाणी मोजण्याची त्याची रीत किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक असलेलीच आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती पुरी झाली, की पाणी उतरू लागते. इतरांनी ही रीत होडी काढण्यापुरती ठेवली. नाखवाने ती सगळ्या संसाराला लावली.

केस तो ओहोटीला कापतो, म्हणजे उशिरा वाढतात. टक्कल पडून वीस वर्षे झाली, तरी नियम मोडलेला नाही. त्याला “चारला या” म्हणून सांगितले तर तो “म्हंजे अर्ध्या ओहोटीला” असे म्हणून खात्री करून घेतो. मुलाच्या लग्नपत्रिकेत त्याने मुहूर्ताच्या ओळीखाली “भरती सकाळी ९ वाजता” असे छापून घेतले होते. मुलीकडची मंडळी माणगावची. त्यांच्याकडे समुद्र नाही. ही भरती कशाची, आणि ती कोणत्या पक्षाने करायची आहे, हे विचारायला त्यांचा एक वडीलधारा माणूस एसटीने आला होता. नाखवाने त्याला धक्क्यावर नेऊन भरती दाखवली. तो माणूस जेवून परत गेला.

“पानी खोटं बोलत न्हाय,” हे त्याचे ठरलेले वाक्य. डॉक्टर, पुढारी, सून आणि हवामान खाते या चौघांबद्दल बोलताना तो ते वापरतो.

सुनीलचा नागावला पाहुण्यांसाठी बंगला आहे आणि किनाऱ्यावर पाण्यातल्या स्कूटरी आहेत. तो भरतीची वेळ फोनवर पाहतो. एकदा फोनमध्ये आणि नाखवामध्ये वीस मिनिटांचा फरक पडला. सुनीलने फोनचे ऐकले. स्कूटर पाहुण्यासकट वाळूत रुतली. नाखवा तिथे जाऊन उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, “आता फोनला सांग, धक्का मार.”

त्याची आणखी एक सवय सांगणे भाग आहे. दररोज सायंकाळी सहाच्या सुमारास तो माझ्या घरी येतो. चहा घेत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर पाहतो. नाक कागदाला लागेल इतके जवळ जाऊन उद्याची तिथी वाचतो, मग आजची, मग कालची. मग मला विचारतो, “मोजणीसाहेब, एकेकच हाय ना?” मी पाहून “एकेकच” असे सांगतो. त्यानंतर तो गल्लीच्या कोपऱ्यावरच्या फळ्यावर खडूने उद्याच्या भरतीची वेळ लिहितो आणि घरी जातो. त्याच्या स्वतःच्या घरात तीन कॅलेंडरे आहेत. तरी चौथे पाहिल्याशिवाय खडू उचलत नाही. हे गेली चार वर्षे चालू आहे. त्याआधी तो कॅलेंडर पाहतच नसे. तिथी बोटांवर मोजत असे.

आता चित्रपटाविषयी. त्याचे नाव देत नाही. जाहिरात करण्याचा माझा हेतू नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याची मंडळी आमच्या खाडीवरच्या जुन्या धक्क्यावर चित्रण करायला आली होती. गोष्ट साधी आहे. एका म्हाताऱ्याची बायको वारली आहे. शेवटी एका संध्याकाळी धक्क्याला एक होडी लागते. होडीत कंदील आहे, आणि पाठमोरी बसलेली ती बायको आहे. धक्क्यावर कोणी नाही. म्हातारा घराला कुलूप लावून हळूहळू निघतो. मग धुके येते. धुके विरते तेव्हा होडी नाही, म्हातारा नाही. खालच्या एका पायरीवर त्याच्या चपला आहेत. चित्रपट संपतो. तो मेला की गेला, तिला भेटला की नाही, हे सांगितलेले नाही.

पाण्याची माहिती देण्यासाठी मंडळींनी नाखवाला बोलावले होते. पहिल्या दिवशी होडीचा प्रसंग त्याने सांगितलेल्या वेळी पार पडला. दुसऱ्या दिवशी त्याने सातची वेळ दिली. मंडळी पावणेआठला आली. पोह्यांना उशीर झाला होता. “पानी पोह्यांसाठी थांबत न्हाय,” असे म्हणून नाखवा निघून गेला आणि पुन्हा फिरकला नाही.

चपलांचा प्रसंग तिसऱ्या दिवशी सकाळी झाला. मी तिथे होतो, कारण चपला माझ्या होत्या. नटाच्या चपला नव्या दिसत होत्या. त्यांच्यातल्या एका मुलीने माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाली, “आजोबा, तुमच्या चपला किती छान झिजल्यात!” मी त्या काढून दिल्या आणि दोन तास अनवाणी उभा राहिलो. तेव्हा पाणी चढत होते. चढत्या पाण्यात वरच्या पायऱ्या कोरड्या असतात. त्या चित्रात फिक्या दिसू लागल्या म्हणून माझ्याच विहिरीचे दोन बादल्या पाणी त्यांच्यावर ओतण्यात आले. बादलीही माझीच होती. ती मात्र त्याच दिवशी परत मिळाली.

नाखवाने हा चित्रपट सुनीलच्या बंगल्यातल्या टीव्हीवर तीन वेळा पाहिला. पाहुण्यांच्या खोलीत जाऊन पाहिला. एकदा तर पाहुणे आत असतानाच. पण टीव्हीवर पायऱ्या काळ्या दिसत. शेवटी सुनीलने समाजमंदिरात मोठा पडदा लावायचे ठरवले आणि दिग्दर्शकालाही बोलावले. आठ दिवस नाखवा एकच गोष्ट सांगत होता. “रविवारी ठरवून टाकू. म्हातारा होडीला पोचला का न्हाय, तेवढं कळलं पायजे.” एखाद्या नात्यातल्या माणसाची तार यायची राहिली असावी, तसे तो बोलत होता.

तर ती आठवी पायरी.

“नीट ऐका,” नाखवा गुडघ्यांवरून उठत म्हणाला. “होडी लागली तवा पानी पाचव्या पायरीला व्हतं. चपला दिसतात तवा आठव्याला. तीन पायऱ्या पानी उतरलं. आपल्या धक्क्याला तीन पायऱ्या म्हंजे तास. आनि पायरी वली हाय. वली पायरी म्हंजे पानी नुकतंच सोडून गेलंय. म्हंजे काय झालं?”

“काय झालं?” सुनीलने विचारले. कोणीतरी विचारणे आवश्यक होते.

“म्हंजे होडी तासभर थांबली! ओहोटीला! खाली चिखल, होडी रुतली तर सा तास हलत न्हाय. तरी ती बाय थांबली. तो आला, पायरीवर बसून चपला काढल्या, होडीत चढला. बुडनारा मानूस चपला जोडीनं लावून ठेवतो का?”

सभेत कुजबुज झाली. युक्तिवाद भक्कम होता. मी तीस वर्षे कोर्टात साक्षी दिल्या आहेत. यापेक्षा कच्च्या पुराव्यावर बांध सरकलेले पाहिले आहेत.

सुनीलची आई पुढच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, “तासभर कोन थांबतंय, नाखवा? आमच्याकडं नवरा उशिरा आला तर आमी कुलूप लावून लग्नाला जातो.”

बायका हसल्या. नाखवा हसला नाही.

मग रमाकांत गुरव उभा राहिला. याचे औषधांचे दुकान आहे. गोळ्यांच्या वेष्टनावरचे बारीक अक्षर तो चष्म्याशिवाय वाचतो. “नाखवा, पानी चढतंय ते,” तो म्हणाला. “चित्र थांबवायच्या आधी मी बघितलं. पेंढ्याची काडी तरंगत व्हती. ती आत येत व्हती, पायरीकडं. उतरतं पानी काडी भायेर नेतं.”

“पायरी वली हाय.”

“वली असंल. काडी आत येतेय. म्हंजे ती भरती संपली, ओहोटी संपली, दुसरी भरती लागली. होडी कवाच गेली. म्हातारा उशिरा आला आनि पान्यात उतरला. खेळ खलास.”

“चपला?”

“आता दोन मिन्टांत वाहून जातील.”

नाखवाच्या हातातली काठी खाली आली. ती अशी खाली आलेली मी त्याआधी एकदाच पाहिली होती.

तो प्रसंग चार वर्षांपूर्वीचा. माणसाचा प्राण भरती असेतो जात नाही, पाणी उतरू लागले की जातो, अशी आमच्या किनाऱ्यावर समजूत आहे. मी ती मानत नाही. नाखवा मानतो. त्याची बायको अंथरुणाला खिळून दीड महिना झाला होता. त्या दिवशी डॉक्टरांनी मान हलवली. पाचच्या सुमारास नाखवाने गडग्यावरून मला हाक मारली. “मोजणीसाहेब, जरा बसा तिच्यापाशी. शहाळं मागतेय. आज नवमी. पावणेसातला पानी उतरू लागंल. तवर काय न्हाय. मी येतो साडेसापर्यंत.”

तो साडेसहाला आला. हातात शहाळे होते. ती सहाला गेली होती.

त्या पंधरवड्यात अष्टमी दोन दिवस होती. नाखवाने बोटांवर एकच मोजली आणि पुढे गेला. पाऊण तासाचा फरक पडला. शहाळे खाली ठेवून तो भिंतीशी उभा राहिला तेव्हा त्याची काठी अशीच खाली आली होती. कॅलेंडर माझ्या घरात भिंतीवर होते. घरातून निघताना मी त्या कॅलेंडरासमोरूनच आलो. पाहिले नाही.

आता समाजमंदिरात सुनीलने प्रसंग सावरण्यासाठी दिग्दर्शकाला पुढे बोलावले. दिग्दर्शक तिशीचा, दाढी राखलेला, नम्र. तो म्हणाला, “काका, तुम्ही इतक्या बारकाईने पाहिलंत, मला खूप आनंद झाला. पण खरं सांगू? शेवट मी प्रेक्षकांवर सोडला आहे.”

“सोडला?” नाखवा म्हणाला. “मानूस धक्क्यावर उभा हाय आनि तुमी सोडला? आमी लाँचचं दावं सोडायच्या आधी माना मोजायचो. कोन मागं राहिलं, कोन चढलं, हे ठाऊक नको?”

“तुम्हाला जे वाटतं, तेच खरं.”

“मला वाटून काय व्हतंय! रमाकांतला दुसरं वाटतंय. पानी एकच हाय.” तो माझ्याकडे वळला. “मोजणीसाहेब, तुमी व्हतात तिकडं त्या दिवशी. तुमी सांगा. पानी चढत व्हतं का उतरत व्हतं?”

सगळी सभा माझ्याकडे पाहू लागली. रमाकांत निश्चिंत दिसला. मी खोटे सांगत नाही, अशी गावात माझी ख्याती आहे. सख्ख्या भावाच्या विरुद्ध मी मोजणी दिली आहे. तो पुढे सात वर्षे माझ्याशी बोलला नाही. मी तारीख बदलली नाही, खूण सरकवली नाही, साखळीची एक कडी इकडची तिकडे केली नाही.

मी उभा राहिलो.

“पाणी उतरत होते,” मी म्हणालो.

“काडी आत येत व्हती, साहेब,” रमाकांत म्हणाला.

“वाऱ्याने,” मी म्हणालो. “त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता.”

दिग्दर्शकाने आधी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे. मी त्याच चपला घालून गेलो होतो. डाव्या चपलेच्या अंगठ्याला पांढऱ्या दोऱ्याचा टाका आहे, आणि त्याच्यामागे पडद्यावर तो टाका ताटाएवढा दिसत होता. तो जाऊन आपल्या खुर्चीत बसला. तरुण मनुष्य समंजस निघाला.

“उतरत व्हतं,” नाखवा सभेला म्हणाला. “सायबांनी सांगितलं. तासभर थांबली.” मग त्याने सुनीलला हुकूम दिला, “लाव आता पुढं.” पुढे फक्त नावे होती. ती सर्व संपेपर्यंत तो उभा राहिला.

आम्ही दोघे बरोबर घरी निघालो. त्याला गुडघ्यांमुळे चढण जड जाते, म्हणून मीही सावकाश चाललो. मारुतीच्या देवळापाशी मी थांबलो. त्या दिवशी मी आधीच एक खोटी मोजणी दिली होती. त्यावर एक खरी देणे मला आवश्यक वाटले.

“वहिनींनी विचारले होते,” मी म्हणालो. “तुम्ही आलात का, म्हणून.”

नाखवा काठीवर भार देऊन उभा राहिला. “कवा?”

“त्या दिवशी. मी बसलो होतो तेव्हा. दोनदा विचारले.”

“चार वर्सं झाली, साहेब.”

“तुम्ही विचारले नाही.”

“तुमी सांगितलं न्हाय.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

त्याने विचारले, “किती वाजता?”

“पहिल्यांदा साडेपाचला. तुम्ही शहाळे आणायला गेलात, असे मी सांगितले. दुसऱ्यांदा सहाला पाच कमी होते.”

“तवा तुमी काय सांगितलंत?”

“येतच आहेत, म्हणून.”

त्याने बोटांवर काहीतरी मोजले. सवयीने मोजले असावे. “सहाला पाच कमी,” तो म्हणाला. “म्हंजे पानी पुरं झालेलं. पुरं झालं की दहा मिन्टं पानी उभं रातं. ना चढ, ना उतार. आमी त्या दहा मिन्टांत लाँच लावायचो.” त्याने मोजलेली बोटे मिटली. “तेवढी थांबली ती. मग मात्र पानी उतरू लागलं. तिचा काय दोष न्हाय.”

“नाही,” मी म्हणालो.

“शहाळं कोवळं व्हतं,” नाखवा म्हणाला. “तीन झाडं बघून आनलं व्हतं.”

त्याच्या दारापाशी आल्यावर त्याने नेहमीप्रमाणे माझा निरोप घेतला नाही. सरळ आत गेला. सून जेवायला वाढू का म्हणून विचारत होती. “कोंबडी पान्याला बसली का?” असे काहीतरी तो तिला उलट विचारत होता. त्याच्या मते कोंबड्याही भरती पाहून अंड्यांवर बसतात.

मी घरी येऊन दिवा लावला. सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती. तेव्हा लक्षात आले, की नाखवा आज कॅलेंडर पाहायला आलाच नव्हता. सहा वाजता तो पायऱ्या मोजत होता. कोपऱ्यावरच्या फळ्यावर अजून आजचीच भरती असणार.

मी चष्मा लावला. कालची त्रयोदशी, आजची चतुर्दशी, उद्याची पौर्णिमा. कॅलेंडर खिळ्यावरून काढून उजेडात धरले आणि पुन्हा पाहिले. एकेकच होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

कॅलेंडर काखेत घेऊन मी कोपऱ्यावर गेलो. ओल्या फडक्याने फळा पुसला. वाळू दिला. मग खडूने लिहिले: “सोमवार, पौर्णिमा. भरती ११ वाजून १५ मि. तिथी पाहिली.” खडू फळ्यामागच्या डब्यात ठेवला आणि डब्याला झाकण लावले.